आरशांचा गोळा आणि बाराचा पहारा

हे रामराया, जिभेवर तुझे नाम राहू दे आणि मनात विवेक राहू दे. जे घडले त्यात माझ्या पदरचे काही मिसळू नये आणि भयापोटी काही गाळलेही जाऊ नये, एवढी सांभाळणूक कर. तुझ्या पायांवर माथा ठेवून सांगावयास आरंभ करतो.

१

निजामी अंमल संपून सात वर्षे झाली होती, त्या साली चैत्रात घडलेली ही हकिकत. जालन्याच्या रेल्वे फाटकापलीकडे काकासाहेबांचे कापसातली सरकी काढणारे जिनिंग होते. त्याच्या भिंतीला भिंत लावून त्यांनीच श्रीरामाचे मंदिर बांधले होते. जिनिंगचे इंजिन चालले की डायनामो फिरे, आणि त्याच विजेवर मंदिरातले दिवे लागत. या सर्वांचा कारभार एकट्या पुंजाराम मिस्त्रीकडे होता.

पुंजारामाचा दिवस घड्याळासारखा चाले. पहाटे इंजिनाला तेल, सातला भोंगा, बाराला इंजिन बंद. बाराच्या ठोक्याला तो तेलाची चकती फिरवी. मोठे चाक चार-सहा धापा टाकून थांबे आणि मग अशी शांतता पसरे की उडणारा कापसाचा रजही खाली बसताना ऐकू येईल असे वाटावे. एक तासाने भोंगा पुन्हा वाजे. मधल्या तासात तो मिशीवरचा कापूस झाडून मंदिरात जाई, रामाला दंडवत घाली आणि मग भाकरीचे फडके सोडी.

त्या चैत्रात दंडवतानंतर वर पाहण्याचे आणखी एक काम त्याच्यामागे लागले होते.

काकासाहेबांनी हैदराबादेच्या लिलावातून आरशांचा एक गोळा आणला होता. रांजणाएवढा, वीस-बावीस शेर वजनाचा, अंगभर नखाएवढ्या आरशांनी मढवलेला. आणि त्याला फिरवणारी विजेची लहानशी मोटर. कुठल्या नाचघरातला तो गोळा, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. काकासाहेबांची हौस एवढीच, की रामनवमीला जन्माच्या क्षणी पाळण्यावर उजेडाची फुले बरसावीत.

"मिस्त्री, एकच लक्षात ठेवा," ते म्हणाले होते, "भिंतीवरचे ठिपके प्रदक्षिणेच्या दिशेनं फिरले पाहिजेत. देवाच्या घरात उलटं काही फिरायचं नाही."

पुंजारामाने मोटरीच्या तारा बदलून तसे करून दिले. पण त्याचे खरे लक्ष गोळा टांगण्याकडे होते. टांगलेल्या वस्तूला दोन जीव पाहिजेत, हा त्याचा नियम होता. एकाने जन्मभर भार वाहायचा. दुसऱ्याने जन्मभर मोकळे लोंबायचे आणि पहिल्याने हात सोडला तर त्या एका क्षणी जागे व्हायचे. दोघांचा आधारही निराळा हवा. म्हणून त्याने मधल्या तुळईला आरपार भोक पाडून हुकाचा बोल्ट घातला, वर लोखंडी पाटी बसवून दोन नट एकावर एक आवळले आणि त्या हुकाला मोटर व गोळा टांगला. दुसरी, बैलाची जाड साखळी, त्याने दीड हातावरच्या दुसऱ्या तुळईला बांधली आणि खाली भोवरकडी लावून गोळ्याच्या कड्यात सोडली. भोवरकडीमुळे गोळा कितीही फिरला तरी साखळीला पीळ पडणार नव्हता. साखळीला चार बोटे ढील ठेवली.

त्याची वहिनी गोजरबाई मंडप सारवायला आली होती. तिने वर पाहून पदर तोंडाला लावला. "भावजी, बैल पळून जाईल म्हणून बांधलाय का काय?"

"बैल न्हाई वहिनी, जीव बांधलाय."

"कुणाचा?"

पुंजारामाने साखळीला एक हिसडा देऊन पाहिला. गोळ्याखाली जो उभा राहील त्याचा, हे त्याला ठाऊक होते.

२

तृतीयेला सप्ताह बसला. सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्या जागेवर संकल्प सोडला ती जागा वीणेकऱ्याने सोडायची नसते. संकल्प सभामंडपाच्या बरोबर मध्यावर सोडला होता. वर गोळा, खाली वीणा.

चैत्रातल्या उन्हाचा बाराचा पहारा कोणी मागून घेत नाही. तो मागितला पुंजारामाच्या थोरल्या भावाने. कचरूदादा बदनापूरकडचा शेतकरी, साठीला टेकलेला. बाप गेला तेव्हा पुंजाराम सहा वर्षांचा होता. दादाने स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन त्याला वाढवले, आणि मिस्त्रीकाम शिकायला याच जिनिंगमध्ये आणून सोडले. सप्ताहासाठी तो आणि गोजरबाई पुंजारामाच्या खोलीवर मुक्कामाला आले होते. बारा ते दोन, डोळे मिटून, गळ्यात वीणा घेऊन दादा ताठ उभा राही. दोनदा तार छेडायची, एक श्वास थांबायचे, पुन्हा दोनदा छेडायची, ही त्याची लय होती.

पहिल्या दिवशी बाराला इंजिन थांबले. पुंजाराम मंडपात आला. उन्हासाठी दारांना ओले तट्टे लावले होते, वारा नव्हता. छपराच्या झरोक्यातून उन्हाचा एक सोट सरळ गोळ्यावर पडला होता. वीज गेल्यामुळे गोळा मंदावत होता. भिंतीवरचे ठिपके सावकाश झाले, आणखी सावकाश झाले, थांबले.

आणि मग उलटे निघाले.

पुंजाराम पाहत राहिला. तो घाबरट नव्हता. यंत्राचा माणूस होता. पीळ उलगडत असेल, त्याने मनाशी म्हटले. दोर पिळून सोडला की उलटा फिरतोच. चार फेरे फिरेल आणि थांबेल.

तो भाकरी खाऊन आला तेव्हा गोळा फिरतच होता. भोंगा वाजला, इंजिन सुरू झाले, आणि ठिपके एकदा दचकल्यासारखे होऊन प्रदक्षिणेच्या वाटेला लागले.

गोळ्याला पीळ पडायचा तर दोर हवा. तिथे दोर नव्हता. पोलादी दांडा होता. हे त्याला रात्री अंथरुणावर आठवले.

३

चतुर्थीला त्याने फेरे मोजले. एक फुटका आरसा खूण म्हणून धरला. एकतीसपर्यंत मोजले आणि मग मोजणे सोडले, कारण कानांवर दुसरे काहीतरी पडले.

मंडपात तेव्हा तिघेच होते. मध्ये दादा, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पेंगणारे पुजारी भालचंद्रबुवा आणि खांबाला टेकलेला तो स्वतः. तिघेही जागच्या जागी. पण फरशीवर कोणीतरी चालत होते. घाई नव्हती. पाऊल टेकायचे, किंचित घसटायचे, पुढचे पाऊल टेकायचे. तो आवाज अनवाणी पायाचा नव्हता. तळव्याची चापट कोणालाही ओळखू येते. हा गुळगुळीत तळाच्या जोड्याचा आवाज होता, आणि तो मंडपाला गोल घालीत होता. डावीकडून उजवीकडे नव्हे. ज्या बाजूने माणसे फक्त चितेभोवती फिरतात त्या बाजूने.

पुंजाराम दारापाशी गेला. पायरीवर एकच जोडी होती, त्याच्या स्वतःच्या वहाणांची. आवाज जिनिंगमधून येत असेल. कोणी हमाल पोते ओढत असेल. भिंत एकच आहे, आवाज फिरून येतो. असे सगळे त्याने मनाला सांगितले. मनाने ते ऐकूनही घेतले.

परतून त्याने वर पाहिले ते यंत्राकडे पाहिले तर जीव थाऱ्यावर येईल म्हणून. 

हुकाच्या बोल्टाचे आटे तुळईच्या खाली दिसत होते. त्याने बसवला तेव्हा एकही आटा बाहेर नव्हता. आता दोन होते. गोळा उलटा फिरताना बोल्ट नटातून सुटत होता.

आणि साखळी त्या दुसऱ्या, पाळण्याच्या तुळईला नव्हती. ती त्याच हुकाला अडकवलेली होती.

"बुवा," त्याने भालचंद्रबुवांना हलवले. "साखळी कुणी हलवली?"

बुवांनी जांभई आवरली. "मीच. पाडव्याला पाळणा बांधायला चढलो तर तुळईला बैलाची साखळी! अरे, त्या तुळईला वर्षातून एकदा रामाचा पाळणा लागतो, दुसरं काही लागत नाही. गोठ्यातलं लोखंड तिथं?"

"मंग काढून कुठं ठेवली?"

"टाकली नाही बाबा. तुझी वस्तू आहे. त्या गोळ्याच्याच हुकाला लावली बरोबर. हूक तर चांगला मजबूत आहे तुझा."

बुवांचा हेतू शुद्ध होता. देवाचा मान राखावा, आणि मिस्त्रीची वस्तूही वाया जाऊ नये. दोन्ही जीव त्यांनी एकाच खुंटीला आणून टांगले होते.

"मी आत्ता चढतो."

"चढतो?" बुवांची झोप पार उडाली. "वीणा उभी आहे, मिस्त्री. वीणेच्या डोक्यावर पाय? काला होईपर्यंत ते नाव काढू नकोस."

४

पंचमीला आटे चार झाले. त्या दिवशी त्याने ठिपक्यांकडे नीट पाहिले.

उन्हाचे शेकडो तुकडे भिंतीवरून, खांबांवरून, दादाच्या पागोट्यावरून सरकत होते. पण उत्तरेच्या खांबाजवळ फरशीवर एक जागा होती, तिथे ठिपके पडतच नव्हते. जवळ येत, दुभंगत, आणि पलीकडे पुन्हा एकत्र होत, जसे ओढ्याचे पाणी दगडाला वळसा घालते. फुटक्या आरशाची छाया असती तर ती फिरली असती. ही जागा फिरत नव्हती. ती मात्र काल बाहेरच्या खांबापाशी होती, हे त्याला आता उमगले. आज आतल्या खांबापाशी होती.

एक माणूस उभा राहील एवढी जागा.

दोनला पहारा बदलला. दादा बाहेर निंबाखाली येऊन घाम पुसू लागला.

"दादा, उद्या जरा खांबाकडं सरकून उभा राहशील?"

"का रं?"

"गोळ्याचा मला भरवसा वाटून न्हाई राह्यला."

कचरूदादा हसला. "पुंजा, लहान होतास तवा कणगीत साप हाय म्हणून मला रातभर कंदील धरून उभं केलं व्हतंस. काय निघालं? आईच्या जुन्या लुगड्याचा काठ."

"हसू नको. आटे सुटून राह्यलेत. बावीस शेर वजन हाय."

"जागा कशी सोडू? संकल्प हाय. देवाच्या दारात डोक्यावर पडंल तो प्रसाद."

"वीस शेराचा प्रसाद?"

"मोठ्या देवाचा मोठा प्रसाद." मग दादाचे हसू हळूहळू ओसरले. "पुंजा, दुपारी दर्शनाला कोण येतं रं?"

"का?"

"मी डोळे मिटून नाम घेऊन राह्यलो असतो. पण कोणी तरी येतं. लई येळ फिरतं. जोडे काढीत न्हाई. शहरातलं माणूस असंल."

पुंजारामाने पाण्याचा तांब्या पुढे केला. 

त्याच संध्याकाळी तो काकासाहेबांसमोर उभा राहिला. आटे, साखळी, वजन सगळे सांगितले. चालण्याचा आवाज सांगितला नाही. काकासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले.

"नवमीला हजार माणूस जमेल आणि मी म्हणू, माझ्या मिस्त्रीला स्वतःच्या कामाचा भरवसा नाही? चार दिवस. काला झाला की हवं तितकं चढा."

"मालक, खाली माझा भाऊ उभा आहे."

"खाली रामाची वीणा उभी आहे," काकासाहेब म्हणाले. "तीच त्याला राखील."

५

षष्ठीला त्याने आपल्या डोक्याने उपाय काढला. गोळा उलटा फिरतो तो वीज गेल्यावर. मग वीज जाऊच द्यायची नाही. बाराचा ठोका पडला, माणसे जेवायला गेली, आणि त्याने चकतीला हात लावला नाही. इंजिन धडधडत राहिले. त्याने तट्ट्याच्या फटीतून आत पाहिले. ठिपके प्रदक्षिणेच्या वाटेने झुळझुळ चालले होते आणि पावलांचा आवाज नव्हता. त्याने हात जोडले. डोळ्यांत पाणी आले.

बारा वाजून वीस मिनिटांनी जळक्या तेलाचा वास सुटला. डायनामोचे बेअरिंग लाल झाले होते. त्याने धावत जाऊन चकती फिरवली. न फिरवता तर आग लागली असती. चाक धापा टाकून थांबले. त्या शांततेत, भिंतीपलीकडे, पहिले पाऊल घसटले. जणू कोणी दाराशी एवढा वेळ खोळंबून होते आणि आता आत आले.

काकासाहेब प्रथमच त्याच्यावर ओरडले. "वेड लागलंय तुम्हाला. उद्या बेअरिंग बसवा, आणि नवमीपर्यंत मंडपात पाऊल टाकू नका. हे मी मालक म्हणून सांगतो."

म्हणून सप्तमीला दुपारी तो मंदिराकडे फिरकला नाही. जिनिंगच्या आत, त्या एकाच भिंतीला कान लावून उभा राहिला. दगड थंड होता. पलीकडून दादाची वीणा ऐकू येत होती. दोनदा तार, एक श्वास, पुन्हा दोनदा. आणि तिच्याभोवती ती पावले. आज घेर लहान झाला होता. आणखी लहान झाला.

मग पावले थांबली.

वीणाही थांबली. पुंजारामाने श्वास रोखला. एक, दोन, तीन, त्याने अंक मोजले. सातव्या अंकाला तार पुन्हा वाजली. एकदाच, मग विराम, मग एकदाच. तार तीच, पण छेडणारे बोट नवखे, चाचपडणारे. दादा थकला असेल, बोट बदलले असेल, पुंजारामाने मनाशी म्हटले. थोड्या वेळाने पुन्हा एक खंड पडला, आणि दोन-दोनची जुनी लय परत आली. पुंजारामाने भिंतीवरून कान काढला तेव्हा कानशील बर्फासारखे झाले होते.

रात्री दादा जेवला नाही. चूळ भरून भिंतीकडे तोंड करून निजला. गोजरबाई चुलीपाशी पुंजारामाजवळ येऊन हलक्या आवाजात बोलली.

"भावजी, ते मला काही सांगत न्हाईत. पण चाळीस वर्सांचा संसार हाय, मला कळतं. कशाला तरी भ्यालेत. तुम्ही उद्या चढा."

"वहिनी, वीणेवर चढायचं म्हणजे…"

"पाप व्हतं ना? मंग ते माझ्या पदरात घाला. मी रामापुढं पदर पसरून सांगंन. पण कुंकू एकच हाय माझ्याजवळ."

६

अष्टमीला त्याने बाराला इंजिन थांबवले, कमरेला पान्हा खोचला आणि मागच्या माळ्याच्या शिडीवरून छपराच्या पोटात शिरला. बुवांनी पाहू नये म्हणून आवाज करायचा नव्हता. मधल्या तुळईवर तो पालथा पडून सरकू लागला. तुळईला वटवाघळांच्या साठ वर्षांच्या वस्तीचा असावा तसा वास होता, आणि ती तर बांधून नऊच वर्षे झाली होती.

तो लोखंडी पाटीपाशी पोहोचला. त्याने दोन नट एकावर एक आवळले होते. वरचा नट बोल्टावर नव्हता. तो पाटीच्या शेजारी ठेवलेला होता. पडलेला नव्हे, ठेवलेला, सपाट बाजू खाली करून, जसा काम करणारा माणूस नंतर सापडावा म्हणून ठेवतो. खालचा नट शेवटच्या आट्यावर होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत केसाकेसाने फिरत होता.

खाली पावले सुरू झाली होती.

नट पकडावा तर बोल्ट खालून फिरतो आहे. हात सोडला की पुन्हा सुटणार. आधी दुसरा जीव. त्याने खाली लोंबून साखळीचे टोक हुकातून सोडवले. ते हातात धरून पाळण्याच्या तुळईकडे झुकला. पोट एका तुळईवर, कोपरे दुसरीवर, आणि दोहोंच्या मधल्या फटीत, त्याच्या तोंडासमोर हातभर अंतरावर, आरशांचा गोळा.

त्याने त्यात पाहायचे नव्हते. पण डोळे उघडे होते.

नखाएवढ्या प्रत्येक आरशात मंडप दिसत होता. दादाचे पागोटे, वीणेचा भोपळा, जोडलेली पावले. आणि प्रत्येक आरशात दादाच्या उजव्या अंगाला, खेटून, एक मनुष्य पाठमोरा उभा होता. खाकी बंडी. उजव्या खांद्यावर तेलाचा जुना डाग. मानेवर कापसाचा रज. पुंजारामाने तो मनुष्य ओळखला नाही. आपली पाठ कोणी कधी पाहिली आहे?

त्याने आरशांवरून नजर काढून थेट खाली पाहिले. दादा एकटा होता. भोवती ठिपक्यांचा पूर वाहत होता आणि दादाच्या उजव्या अंगाला तेवढी जागा कोरडी होती.

पुन्हा आरशात पाहिले. त्या मनुष्याचा हात वीणेच्या पट्ट्यावर आला होता. दादा, डोळे मिटलेले असतानाच, मान वाकवून पट्टा गळ्यातून काढू लागला होता. दर फेऱ्याला तो मनुष्य थोडा वळत होता. आणखी एका फेऱ्यात त्याचा चेहरा दिसला असता.

पुंजारामाने डोळे मिटले. साखळीचे टोक चाचपडत तुळईभोवती घातले, कडीत कडी अडकवली आणि खिळी मारली.  मनात नाम चालू होते की नव्हते, हे त्याला पुढे कधी सांगता आले नाही.

नट सुटला.

मोटर, हूक, गोळा, सगळे एकदम खाली गेले. चार बोटे. साखळीने कचकन ओढ घेतली, दोन्ही तुळया कण्हल्या, पाटीशेजारचा सुटा नट घरंगळून फरशीवर पडला, पाळण्याच्या झालरी हलल्या आणि मूठभर आरसे दादाच्या पागोट्यावर झरले. दादाने दचकून पट्टा घट्ट धरला. गोळा साखळीला लटकून हलत राहिला. फिरत नव्हता.

मंडपात कोणी चालत नव्हते.

७

काकासाहेब धावत आले. त्यांनी वर पाहिले, खाली पाहिले, फरशीवरचा नट उचलून तळहातावर घेतला. 

"शिडी आणा," ते म्हणाले. "गोळा उतरवा. वीणेची क्षमा मी मागतो." बुवा काही बोलू पाहत होते, काकासाहेबांनी नुसता हात वर केला. मग, पुंजारामाकडे न पाहता, हळूच विचारले, "भाऊ बरा आहे ना तुमचा?"

दोनला पहारा बदलला. पुढच्या वीणेकऱ्याने दादाच्या पायांना हात लावला, दादाने त्याच्या, आणि वीणा टेकू न देता गळ्यातून गळ्यात गेली. दादा बाहेर आला. पागोट्यात अजून एक आरसा अडकला होता. पुंजारामाने तो काढला आणि पालथा करून मुठीत ठेवला.

दोघे निंबाखाली बसले. गोजरबाईने भाकरी सोडली आणि पाणी आणायला म्हणून मुद्दाम आडावर गेली.

"पुंजा," दादा म्हणाला. तो भाकरीकडे पाहत होता. "एक विचारतो. खरं सांग."

"विचार."

"काल मला उन्हाची भोवळ आल्ती. पाय लटलट करून राह्यले व्हते. वाटलं, आता वीणा टेकती. तेवढ्यात तू आलास. खांद्यावर हात ठेवलास. तुझ्या बंडीला तेलाचा वास आला. मी डोळे न्हाई उघडले, नाम तुटंल म्हणून. वीणा तुझ्या गळ्यात दिली. घटकाभर तूच वाजवली, मंग मला परत दिलीस." त्याने मान वर केली. दादाच्या डोळ्यांत इतके भय पुंजारामाने बाप गेला त्या रात्रीही पाहिले नव्हते. "तो तूच व्हतास ना रं? वीणा भलत्याच्या हाती न्हाई ना दिली मी?"

निंबाचा मोहर गळत होता. भिंतीपलीकडे कोणीतरी हमाल खोकला.

सप्ताह अखंड राहिला की खंडला, हे त्या एका उत्तरावर होते. आणि त्या म्हाताऱ्याचे उरलेले आयुष्यही. पुंजारामाने जन्मात देवाच्या दारी खोटे सांगितले नव्हते. दादानेच ते शिकवले होते.

"हां दादा," तो म्हणाला. "मीच व्हतो."

कचरूदादाने दीर्घ श्वास सोडला. खांदे खाली आले. मग त्याने भाकरीचा पहिला घास मोडला आणि लहानपणी देई तसा आधी धाकट्या भावाच्या हातावर ठेवला.

"हात लई गार व्हता तुझा," दादा म्हणाला. "तब्येतीला जप."

पुंजारामाने घास तोंडात घातला आणि चावत राहिला.

श्रोतेहो, ज्याने हे ऐकले आणि ज्याच्या घरात हे ऐकले गेले, त्या सर्वांवर रामरायाची सावली असो. तुमच्या लेकराबाळांच्या डोक्यावरचे छप्पर घट्ट राहो, भावाला भाऊ राहो, चूल पेटती राहो. कोणाच्या खांद्यावर कधी हात पडला तर तो ओळखीचा आणि उबदार असो. सर्वांचे कल्याण होवो.